रक्त काय म्हणालं

आमच्या सरांचं म्हणणं असं होतं की गुडघा दुखायला लागतो त्याच्या खूप आधीपासून तो झिजत असतो. दोन हाडांच्या मध्ये जी गादी असते, कूर्चा, ती झिजताना तिचे बारीक अंश रक्तात उतरतात. एक्सरेत झीज दिसायला वर्षं जातात, दुखणं कधी कधी त्याच्याही आधी येतं, रक्तात मात्र झीज पहिल्यापासून सापडली पाहिजे. आणि सापडली, तर कुणाचे गुडघे लवकर जाणार ते आधीच सांगता येईल. सर हाडांचे डॉक्टर होते, पन्नाशीच्या पुढचे, कमी बोलणारे. पण हा विषय निघाला की त्यांचा चहा थंड व्हायचा.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मी मूळची काष्टीची. आमच्या बौद्ध वस्तीत बारावीच्या पुढे शिकलेली मी पहिलीच मुलगी. लॅबचा डिप्लोमा करून नगरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात लागले होते. सरांना त्यांच्या अभ्यासासाठी रक्त काढणारं माणूस हवं होतं आणि माझा हात हलका आहे असं सगळे म्हणायचे. म्हणून मला घेतलं.

अकोले तालुका सरांनी मुद्दाम निवडला. तिकडच्या डोंगराळ गावांत भात होतो, आणि भाताची आवणी बायाच करतात. महिनाभर गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावायची, एरवी डोक्यावर ओझं घेऊन चढउतार करायची. चाळिशीच्या पुढच्या बायांचं रक्त एकदा घ्यायचं, वर्षाने पुन्हा घ्यायचं आणि दोन्ही ताडून बघायचं असं ठरलं होतं.

पहिल्यांदा गेलो ते फेब्रुवारीत. संगमनेरला बर्फ घेतला, मोठ्या थर्मासात भरला आणि जीप पुढे अकोल्याकडे निघाली. गावातल्या शाळेच्या ओसरीवर आम्ही टेबल मांडलं. रक्त काढल्यावर नळी यंत्रात घालून जोरात फिरवावी लागते, मग लाल भाग खाली बसतो आणि वर पिवळसर पाणी राहतं. ते सीरम. तेवढंच आम्हाला हवं असायचं, ते छोट्या बाटल्यांत भरून बर्फात ठेवायचं. गावात विजेचा भरवसा नव्हता म्हणून यंत्र हाताने फिरवायचं आणलं होतं. ते बघायला माणसं जमली, पण हात पुढे करायला कुणी तयार नव्हतं.

त्याला कारण मीच होते, किंवा मी वाचत होते तो कागद. सरांनी बजावलं होतं, प्रत्येकीला संमतीचा कागद पूर्ण वाचून दाखवायचा, मगच अंगठा घ्यायचा. त्यात शेवटून दुसरी ओळ होती : या तपासणीचा निकाल कोणालाही व्यक्तिशः कळवला जाणार नाही. ती ओळ आली की बाया एकमेकींकडे बघायच्या.

"म्हंजी रगत आमचं आन कळायचं तुमाला?" एक जण म्हणाली आणि उठून गेली. तिच्यामागे आणखी तिघी गेल्या. दुपारपर्यंत थर्मासात दोनच बाटल्या होत्या. सर पलीकडे वर्गात एका म्हातारीचा गुडघा तपासत होते.

तेवढ्यात ती आली. शाळेच्या वरच्या अंगाला तिचं घर होतं. उतारावरून ती सरळ उतरत नव्हती, आडवी उतरत होती, एक पाय खाली टाकायचा, दुसरा त्याच्याजवळ आणायचा, पुन्हा पहिला. पन्नाशीची असेल. उंच, हाडापेराने मोठी, चेहरा ताठ. ओसरीची पायरी चढताना तिने खांब धरला आणि क्षणभर डोळे मिटले. मग माझ्यासमोर बसली, म्हणजे बसण्याऐवजी धाडकन खाली आली.

"नर्सबाई, यात दुखनं कळतं का?" तिने विचारलं.

मी नर्स नव्हते, पण तिथे सगळ्या मला तेच म्हणायच्या. मी तिला सरांचं सांगणं माझ्या भाषेत सांगितलं. गादी झिजते, तिचे कण रक्तात येतात, ते आम्ही मोजणार. ती अगदी लक्ष देऊन ऐकत होती.

"मंग मला मिळंल का कागद? माझ्या रगतात हाय का न्हाई त्याचा?"

मी कागदाकडे बघितलं. मागे उभ्या असलेल्या सात-आठ बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझ्या मनात काय होतं ते मला आजही स्वच्छ आठवतं. दोन बाटल्या घेऊन नगरला परत जायचं नाही, एवढंच होतं.

"येईल ना मावशी," मी म्हणाले. "रिपोर्ट येईल."

तिने लगेच बाही वर सारली. रक्त काढून होईपर्यंत ती नळीकडे बघत राहिली. म्हणाली, "पोरगा वाईट न्हाई माझा. पन त्याला वाटतं आई कामाला कटाळते. सूज न्हाई, जखम न्हाई, दिसत तर काहीच न्हाई. सून नवी हाय, ती काय बोलनार? पन बघती. मी उठताना चौकट धरली की बघती. आता रगतच सांगंल त्यास्नी."

मग ती मागे वळून बायांना म्हणाली, "द्या गं. कळनार हाय म्हनती."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्या सगळ्या नळ्या संपल्या. पुढच्या दोन वाड्यांतही तिनेच निरोप पाठवला असावा, कारण आम्ही पोचायच्या आधी बाया ओसरीवर येऊन बसलेल्या असायच्या. ती ओळ मी पुन्हा कुणालाच वाचून दाखवली नाही. परतीच्या वाटेवर सर खूश होते. "तू चांगलं समजावतेस," असं ते म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत बसले.

एप्रिलमध्ये राहिलेल्या काही बायांसाठी आम्ही पुन्हा गेलो. ती रस्त्याच्या कडेलाच उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"आला?"

"अजून नाही मावशी. तपासायचं सामान परदेशातून यायचंय. सगळ्यांचं एकदम तपासणार."

हे खरंच होतं. सामान महाग होतं आणि एकदाच मागवायचं होतं, म्हणून सगळ्या बाटल्या दवाखान्याच्या डीप फ्रीझरमध्ये थांबलेल्या होत्या. प्रत्येकीवर माझ्या अक्षरात आकडा. तिचा आकडा तीन होता.

"आवनीच्या आदी येईल न्हवं?" तिने विचारलं. "तेवढं बघा. पोराला मी सांगितलंय, आवनीच्या आदी माझा कागद येनार म्हनून."

मी मान हलवली.

मे महिन्यात काष्टीला चुलतबहिणीचं लग्न होतं. विहारासमोर मांडव होता. मी शुक्रवारी गेले आणि सोमवारी सकाळच्या एसटीने परत नगरला आले. लॅबचं कुलूप उघडलं तर आत विचित्र शांतता होती. फ्रीझरची घरघर बंद. शनिवारी दवाखान्याजवळचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. जनरेटरची लाईन वॉर्डांना आणि ऑपरेशन थिएटरला होती, आमच्या खोलीला नव्हती. खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये, काष्टीत. दीड दिवसाने वीज आली, पण आमच्या खोलीतला फ्यूज उडालेला होता आणि ते कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

मी झाकण उघडलं. कुबट वास आला. बाटल्या हाताला कोमट लागत होत्या, म्हणजे आतलं सगळं वितळून पाणी झालं होतं, आणि नगरचा मे महिना. मी एकेक उचलून उजेडात धरली. काही गढूळ झाल्या होत्या.

वायरमनला बोलावून फ्यूज बदलून घेतला. संध्याकाळी पाहिलं तर सगळ्या बाटल्या पुन्हा गोठलेल्या होत्या, पांढऱ्या, टणक. बघणाऱ्याला काहीही कळलं नसतं. दोन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. सामान येईल, तपासणी होईल, आकडे काहीतरी येतीलच. ते चुकीचे आहेत हे फक्त मला माहीत असेल. त्या दोन दिवसांत मी नीट जेवले नाही. बुधवारी सरांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"सगळ्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या, सर."

"बरं झालं सांगितलंस." एवढंच म्हणाले. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळत राहिले. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. पंधरा दिवसांत त्यांनी काम बंद केल्याचं वरती लिहून कळवलं. पुन्हा सगळं जमवायला ना निधी होता ना त्यांच्यात उमेद.

"त्या बायांना कळवायला पाहिजे," मी म्हणाले.

सरांनी माझ्याकडे बघितलं. "काय कळवायचं? निकाल आपण त्यांना देणारच नव्हतो. कागदावर तसं आहे. तू वाचून दाखवलंस ना?"

"हो," मी म्हणाले.

एका रविवारी मी एकटीच एसटीने अकोल्याला गेले आणि तिथून जीपने त्या गावी. जून सुरू झाला होता. भाताच्या रोपांसाठी जमिनी भाजून काळ्या केलेल्या होत्या. ती ओसरीवर पाय लांब करून बसली होती आणि कसल्याशा पाल्याचा लेप गुडघ्यांना लावत होती. मला बघून तिचा चेहरा असा उजळला की माझे पाय दारातच थांबले.

"आनला?"

वाटेत मी ठरवलं होतं की सगळं खरं सांगायचं. सांगितलं ते अर्धंच. "मावशी, लाईट गेली होती दवाखान्याची. रक्त खराब झालं सगळ्यांचं. आता त्यातून काही कळणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हातावरचा लेप पदराला पुसला, बाही वर केली आणि हात माझ्यापुढे धरला.

"मंग परत घे की. त्यात काय एवढं?"

माझ्याजवळ सुई नव्हती, नळी नव्हती. काहीच नव्हतं.

"ते काम बंद झालं मावशी."

"बंद? आन माझ्या कागदाचं?"

आतून तिची सून दाराशी आली. सहा-सात महिन्यांची गरोदर होती. सासूच्या पुढे धरलेल्या हाताकडे बघून ती परत आत गेली. तेव्हा तिने हात खाली घेतला.

"महिन्याभरानं आवनी," ती हळू आवाजात म्हणाली. "सून अशी. बाई लावावी तर पोरगा म्हनतो, तू असताना बाई कशाला? मी म्हनलं थांब, माझा कागद येनार हाय."

तेव्हा मला एक गोष्ट सुचली आणि ती मी लगेच बोलून टाकली, विचार न करता. "मावशी, आपण एक्सरे काढू. अकोल्यात होतो. मी घेऊन जाते तुम्हाला. मुलालाही बोलवा. डॉक्टर त्याच्यासमोरच सांगतील."

तिला ते पटलं. रक्तापेक्षा फोटो बरा, असंही ती म्हणाली. फोटो डोळ्यांना दिसतो.

रात्री मी तिथेच राहिले, सोमवारची रजा नंतर टाकली. तिचा मुलगा आमच्याबरोबर आला. पंचवीस-सव्वीसचा, शांत, टोपी हातात घेऊन बसणारा. जीपमधून उतरताना त्याने आईला दोन्ही हातांनी धरलं. मला वाटलं, हा समजून घेणारा आहे, फक्त एक पुरावा हवाय.

एक्सरे काढला. डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. तरुण डॉक्टर होते, घाईत होते, बाहेर रांग होती. त्यांनी इकडून तिकडून बघितलं.

"विशेष काही नाही आजी. थोडीशी सुरुवात आहे. वयाच्या मानाने गुडघे चांगलेच आहेत की."

"लई दुखतं पन," ती म्हणाली.

"दुखतं हो थोडंफार. वजन उचलू नका. गोळ्या देतो."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बोलले काही नाही. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली होती.

बाहेर आल्यावर मुलगा आईशी बोलला नाही. फिल्मचा मोठा पिवळा लिफाफा त्याने काखेत धरला होता. ती त्याच्या मागे आडवी आडवी पायऱ्या उतरत होती आणि या वेळी त्याने हात दिला नाही. मी दिला. तिने तो घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही. जीप येईपर्यंत आम्ही तिघं झाडाखाली उभे होतो.

नगरला परत येताना, एसटीत, मला नीट कळलं की मी काय केलं. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एक्सरेत दिसायला वर्षं लागतात, दुखणं आधी येतं. तेवढ्यासाठी तर रक्ताचा सगळा खटाटोप होता. हे त्या गावात फक्त मला माहीत होतं. तरी मी तिला फिल्मपुढे उभी केली, कारण मला तिच्या ओसरीवरून काहीतरी देऊन उठायचं होतं.

पुढचे महिने मी दुसऱ्या कामात गेले. साखर, लघवी, थुंकी. रोज शंभर नळ्या हातातून जायच्या. जुलैत नगरलाही पाऊस झाला की मला वाटायचं, आता ती चिखलात उतरली असेल. पत्र लिहायला बसले दोनदा. तिला वाचता येत नव्हतं, म्हणजे ते मुलाने वाचलं असतं. पत्र तसंच राहिलं.

डिसेंबरात गेले. खळ्यांवर भात झोडपायचं काम चालू होतं. ती घरात जमिनीवर बसली होती, मांडीवर नातू. मला बघून तिने बसायला सांगितलं. स्वतः उठली नाही. थोड्या वेळाने तिला मागल्या दाराशी जायचं होतं तेव्हा कळलं. बाळाला सुनेकडे देऊन ती दोन्ही तळहात जमिनीला टेकवत बसल्या बसल्या सरकत गेली.

सुनेने हळू आवाजात सांगितलं. आवणीला त्या गेल्या होत्या. तीन दिवस लावलं. चौथ्या दिवशी दुपारी वाकलेल्या होत्या तशाच चिखलात खाली बसल्या आणि पाय निघेचनात. मुलाने पाठीवर घेऊन घरी आणलं. तेव्हापासून उभं राहिलं की पाय कापतात.

ती परत आली, भिंतीला टेकली. मी तिच्यासमोर बसले आणि फेब्रुवारीपासूनचं सगळं सांगितलं. कागदात काय लिहिलं होतं, मी ते का वाचलं नाही, लाईट गेली नसती तरी रिपोर्ट येणार नव्हता. बोलताना माझा आवाज फुटत होता आणि मला स्वतःचाच राग येत होता, कारण रडायची वेळ माझी नव्हती.



"आदी सांगितलं असतंस तर मी दिलं नसतं," ती शेवटी म्हणाली. "बाकीच्यांनीबी दिलं नसतं."

"हो."

"माझ्या नावानं दिलं त्यांनी. अजून इचारत्यात मला, काय म्हनलं गं रगत? आता सांगावं लागंल त्यास्नी. तू सांगशील का मी?"

"मी सांगते," मी म्हणाले.

त्या दुपारी मी खळ्याखळ्यांवर गेले आणि जी भेटेल तिला सांगितलं. काही जणींनी मान हलवून काम चालू ठेवलं. एक जण खूप बोलली, शिव्याही दिल्या. एकीने विचारलं, मग आमच्या रगताचं केलं काय? जाळलं, असं मी म्हणाले, कारण ते खरं होतं. ऑगस्टमध्ये मीच त्या बाटल्या फ्रीझरमधून काढून जाळायला दिल्या होत्या.

परत निघाले तेव्हा तिचा मुलगा रस्त्यापर्यंत सोडायला आला. जीपच्या थांब्याशी आल्यावर म्हणाला, "डाक्टर म्हनला गुडघे चांगले हायत, त्या दिसापासनं मी आईला लई बोललो. आवनीपतूर रोज. बायकूपुढंबी बोललो."

त्याने रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"फोटोत दुखनं दिसत न्हाई, हे तुमाला ठाव हुतं का?"

मला वाटलं होतं हा प्रश्न ती विचारेल. तिने नव्हता विचारला.

"माहीत होतं," मी म्हणाले.

तो रागावेल असं वाटलं. त्याने फक्त टोपी डोक्यावरून काढली आणि पुन्हा घातली. "मंग बोलायचं हुतं तितंच," तो म्हणाला. "मी ऐकलं असतं. मला काय, कुनीतरी सांगायला पायजे हुतं." जीप आली. त्याने माझी पिशवी आत ठेवली आणि मागे न बघता चढ चढायला लागला.

सरांना मी हे सगळं नंतर सांगितलं, न वाचलेल्या ओळीसकट. त्यांनी मला पुन्हा कधी बाहेरच्या कामावर नेलं नाही. त्या बाईसाठी त्यांनी स्वतः एक चिठ्ठी लिहून दिली, दवाखान्यात आणा, मी बघतो, अशी. ती मी टपालाने पाठवली. मुलाने तिला आणली, पण तोवर पुढचा उन्हाळा आला होता. सरांनी तिला व्यायाम शिकवले, एक कुबडी दिली, आणि मुलाला समोर बसवून दुखणं कसं खरं असतं ते सावकाश समजावलं. मी दाराबाहेर उभी होते. त्यानंतर ती काठी आणि कुबडीवर थोडी चालायला लागली, एवढं मला कळलं. शेतात पुन्हा उतरली नाही.

दोन वर्षांनी मी नगरचं काम सोडून श्रीगोंद्याला एका छोट्या लॅबमध्ये लागले. तिथे रोज माणसं दंड पुढे करून विचारतात, यात कळेल ना? मी सुई बाजूला ठेवून आधी सांगते, काय कळेल आणि काय नाही. काही जण उठून जातात. मालकाला ते आवडत नाही.